वणवा लागून गेल्यावर काय परत येतं? आमच्या जंगलातली तीन वर्षांची नोंद

पळसपान | १२ मे, रात्री ८.४०

तीन वर्षांपूर्वी एप्रिलात आमच्या गावच्या जंगलात वणवा लागला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या हद्दीवरचं गाव आहे, जंगल सामूहिक वनहक्कातलं, म्हणजे कारभार ग्रामसभेचा. दोन रात्री आम्ही ओल्या डहाळ्यांनी आग झोडपत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो तर पायाखाली नुसती राख होती आणि पाखराचा एक आवाज नव्हता. तेव्हाच ठरवलं की या काळ्या जागेचं पुढं काय होतं ते आपण स्वतः बघायचं.

दोन जागा निवडल्या, दोन्ही दहा पावलं लांब आणि दहा पावलं रुंद. पहिली टेकडीच्या उतारावर. तिथे त्याआधी कित्येक वर्षं आग गेली नव्हती. दुसरी तेंदूपत्त्याच्या फळीकडे, म्हणजे पानं मोजून घेतात त्या जागेकडे, जाणाऱ्या वाटेला लागून. ती जवळपास दर उन्हाळ्यात जळते.

पहिल्या पावसाच्या आधीच दोन्हीकडे तेंदूचे आणि पळसाचे लालसर कोंब वर आले. जुलैत उताराची जागा इतकी हिरवी झाली की परका माणूस आग लागली होती हे मानलाच नसता. दुसऱ्या पावसाळ्यात तरोटा आणि रानतुळस कंबरेइतकी. तिसऱ्या वर्षी रानतुळस थोडी मागे हटली, कुड्याचं आणि लेंडियाचं बेट दाट झालं. गेल्या सप्टेंबरात तिथे आवळ्याची दोन आणि चारोळीचं एक रोप सापडलं, कुड्याच्या सावलीत लपलेलं. मी त्या रोपाशेजारी बराच वेळ बसून राहिलो.

वाटेकडची जागा लांबून तितकीच हिरवी दिसते. आत वाकून पाहिलं की तेंदू, साग, कुसळी आणि कडेकडेनं घुसत चाललेली रायमुनिया (घाणेरी), एवढंच. आवळा, चारोळी, बेहडा यांचं एकही रोप तीन वर्षांत दिसलं नाही.

आणखी एक जागा आहे. उतारावर येनाच्या झाडाचा एक मोठा ओंडका पडलेला होता, तो आग विझल्यावरही तीन दिवस धुमसत राहिला. त्याच्या खालची माती विटेसारखी लाल झाली. तीन पावसाळे झाले, त्या पट्ट्यात गवताची काडी नाही. तीन हातांवर सगळं हिरवंगार आणि मध्ये हा लाल डाग.

जाणकारांनी सांगावं. दोन्ही जागा जळल्या, मग एक सावरते आणि दुसरी तशीच का राहते? आणि त्या लाल मातीचं काय?

जुना वनपाल | १२ मे, रात्री १०.१५

पळसपान भाऊ, फार कामाची नोंद केलीत. ३१ वर्षं जंगलात काढली, त्यावरून सांगतो.

कुदळ घेऊन वाटेकडच्या जागेतलं सागाचं एक रोप खणा. वर बोटाएवढा कोंब दिसेल आणि खाली मनगटाएवढी मुळी निघेल. कोंब या वर्षीचा, मुळी कित्येक वर्षांची. दर उन्हाळ्यात वरचा भाग जळतो किंवा वाळतो, दर पावसाळ्यात खालून नवा फुटतो आणि मुळी तेवढी जाड होत जाते. दोन-तीन वर्षं आग चुकली की हेच रोप एकदम पुरुषभर उंच होतं. तेंदूचं आणि पळसाचं थोड्याफार फरकानं असंच. म्हणून तुमची वाटेकडची जागा मेलेली नाही. पण तिथे टिकतं ते फक्त ज्याच्याकडे अशी मुळी आहे ते.

चारोळीच्या किंवा आवळ्याच्या पोराला अशी ताकद यायला वेळ लागतो. तेवढी वर्षं सलग मिळाली तर ते जगतं. दरवर्षी आग आली तर ते दुसऱ्या वर्षाचं होतच नाही. मोठी झाडं उभी असतात, बी पडतं, उगवतंही, पण पोरवयाचं झाड जंगलात दिसत नाही. आजचं चारोळीचं झाड म्हातारं होऊन पडेल तेव्हा त्याच्या जागेवर कोण उभं राहणार?

लाल मातीचं कारण ओंडका. पळती आग पाचोळा जाळून पुढे जाते, दोन-तीन इंच खालच्या मातीला तिची धग फारशी लागत नाही. तिथलं बी, मुळ्या, गांडुळं वाचतात. ओंडका मात्र तासन्‌तास एका जागी तापत राहतो. बी गेलं, मुळ्या गेल्या, मातीतला कुजका अंशही जळून गेला.

रानगवत | १३ मे, सकाळी ७.०५

मी वाशीम जिल्ह्यातला, गवताचा अभ्यास करतो. कुसळी आगीत का टिकते ते हातावर बघता येतं. तिचं एक बी घ्या, त्याला पीळ असलेली लांब काळी शेपटी असते. तळहातावर पाण्याचा थेंब टाका आणि ते बी त्यात ठेवा. शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी गोल फिरायला लागते. वाळली की पुन्हा पीळ बसतो. दवानं ओलं व्हायचं, उन्हात वाळायचं, असं करत ते बी स्वतःला मातीत खुपसून घेतं. उन्हाळ्यात आग येते तोवर ते जमिनीखाली जाऊन बसलेलं असतं.

राखेबद्दलही थोडं. आग गेल्यावर पहिल्या पावसात सगळं एकदम तरारतं, म्हणून लोक म्हणतात आग जमिनीला चांगली. राखेत पालाश आणि चुना राहतो, पण नत्र बहुतेक धुरावाटे उडून जातं. आणि उतारावर पहिला जोराचा पाऊस राख नाल्यात घेऊन जातो. वर्षाआड हा खेळ चालला की जमीन रोडावते.

मोहफूल | १३ मे, दुपारी २.३०

पळसपान दादा, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे मोहाची हीच गत आहे. मी लहानपणापासून आईसोबत मोहफुलं वेचत आली. पहाटे उठायचं, झाडाखालचा पाला जाळलेला असायचा, म्हणजे फूल दिसतं. तीच आग पुढे जंगलात शिरते. मग मे-जूनमध्ये टोरी, म्हणजे मोहाचं बी, वेचायची, तेलासाठी. जे बी राहिलं ते उगवलं तर बकऱ्या खातात. आमच्या शिवारात आजीच्या वेळचे मोह आहेत, माझ्या वयाचा एकही मोह नाही. गेल्या हप्त्यात मी मुद्दाम सगळीकडे फिरून पाहिलं.

या वर्षी आम्ही सहा बायांनी झाडाखाली हिरवी जाळी अंथरली. फूल स्वच्छ पडतं, माती लागत नाही, भावही बरा मिळाला आणि पाला जाळावा लागला नाही. एकेका झाडाखालची थोडी टोरीही तशीच सोडून दिली. वटवाघळं मोहाचं फळ नेऊन लांब बी टाकतात म्हणतात, त्यांच्या वाट्याचंही राहू द्यावं.

फळीवाला | १३ मे, रात्री ९.००

सगळ्यांनी आगीला नाव ठेवलं, ते बरोबर आहे. पण आमचीही बाजू ऐकावी. मी तेंदूपत्त्याच्या फळीवर दहा वर्षं मुनशी होतो. ७० पानांचा एक पुडा. मेच्या उन्हात पहाटे तीनला उठून बाई पानं तोडते, दुपारी घरभर बसून पुडे बांधतात, संध्याकाळी फळीवर मोजून देतात. पंधरा-वीस दिवसांच्या त्या पैशात पोरांची वह्या-पुस्तकं आणि धानाचं बियाणं येतं. जळलेल्या जागेवर पान कोवळं, मोठं आणि बिनाछिद्राचं येतं हे सगळ्यांना माहीत आहे. आग लावणाऱ्याला दुष्ट म्हणून प्रश्न सुटत नाही.

जुना वनपाल | १४ मे, सकाळी ६.५०

फळीवाला भाऊ, दुष्ट कोणी म्हटलं नाही. पण नव्या पानासाठी आग लागतेच असं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई, म्हणजे तेंदूची झुडपं बुडाशी छाटणं, नीट केली तरी तसंच पान येतं. मेहनत जास्त, मजुरी लागते, म्हणून काडी ओढली जाते. कंत्राटात खुटकटाईचा पैसा कागदावर असतो, तो तोडणाऱ्याच्या हातात पडला पाहिजे. मी नोकरीत असताना यासाठी भांडलो, पुरेसं जमलं नाही, याची खंत आहे.

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं वेगळा रस्ता घेतला. त्यांना २०१२ मध्ये १,००६ हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपत्त्यासाठी फांद्या छाटतात, आगी लागतात, म्हणून ग्रामसभेनं तेंदू तोडणंच बंद केलं आणि बांबूवर भर दिला. आता टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, झाडावर पिकतात, माणसंही खातात, अस्वलंही. हे प्रत्येक गावाला जमेल असं मी म्हणत नाही. ज्या गावात बांबू नाही त्यानं काय करावं? पण जंगल हातात आल्यावर तिथल्या लोकांनी आधी आगीचा विचार केला, हे मोठं आहे.

फळीवाला | १४ मे, दुपारी १.१५

खुटकटाईच्या पैशाचं अगदी खरं बोललात काका. तो हाती आला असता तर आमच्या फळीवर तरी कोणी काडी ओढली नसती.

शाळामास्तर | १४ मे, रात्री ८.२०

पळसपानच्या दोन जागांवरून शास्त्रातली एक गोष्ट सांगतो. शतकभरापूर्वी, १९१६ मध्ये, अमेरिकेतल्या क्लेमेंट्स यांनी मांडलं की उजाड जागेवर आधी गवत, मग झुडपं, मग झाडं अशा पायऱ्या चढत निसर्ग एका ठरलेल्या शेवटच्या अवस्थेला पोचतो. धक्का बसला की खाली घसरतो आणि पुन्हा त्याच जिन्यानं चढतो. दहा वर्षांनी ग्लीसन म्हणाले की जिना वगैरे काही ठरलेलं नसतं, जवळपास कोणाचं बी होतं आणि त्या वर्षी काय घडलं यावर सगळं अवलंबून.

१९७३ मध्ये हॉलिंग या कॅनडातल्या शास्त्रज्ञानं प्रश्नच बदलला. धक्क्यानंतर जंगल किती लवकर पहिल्यासारखं होतं ही एक गोष्ट. आणि किती धक्के सोसून ते तेच जंगल राहतं, कुठल्या धक्क्यानंतर ते दुसरंच काहीतरी होऊन बसतं, ही वेगळी गोष्ट. त्यांच्यासमोर तिकडच्या सूचिपर्णी जंगलातली एक अळी होती, जी काही दशकांनी उसळते आणि झाडं खाऊन टाकते. आपल्याकडचा साग बघा. ऑगस्ट-सप्टेंबरात अळी पानांची नुसती जाळी करते, डोंगर तपकिरी दिसतो, आणि साग दरवेळी पुन्हा पालवतो. साग त्या अळीसोबतच वाढलेला आहे. दरवर्षीची आग मात्र चारोळीच्या रोपाच्या ओळखीची नाही.

अमेरिकेत १८ मे १९८० ला सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटला. सगळ्यांना वाटलं, जीव लांबून यावा लागेल. पण बिळात राहणारे उंदरासारखे प्राणी काही ठिकाणी जमिनीखाली वाचले होते. त्यांनी बिळं उकरताना राखेखालची जुनी माती वर आणली आणि त्या मातीच्या ढिगांवर रोपं धरली. तुमच्या लाल डागाकडे लक्ष ठेवा. तिथे वारूळ झालं तर कळवा.

बोडीकाठ | १५ मे, सकाळी ११.३०

जंगलाचं चाललं आहे, त्यात तलावाचं सांगते. मी गोंदिया जिल्ह्यातली, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातली. आमच्या पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. कोहळी लोकांनी बांधलेले बरेच. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे गेले आणि हळूहळू त्यांचं कोणीच राहिलं नाही.

माझ्या आजोबांच्या वेळी तळ्याचं पाणी काचेसारखं होतं, खालचा चिला, म्हणजे पाण्यातली वनस्पती, दिसायचा. कडेला देवधान, गाद, पोवनी अशी पाणवनस्पती. मरळ, मांगूर, कटवा सापडायचे. मग बेशरम नावाचं झुडपी तण आलं, मोठ्या वाढीच्या बाहेरच्या मासोळ्या सोडल्या. त्यातला कॉमन कार्प चिखल उकरत खातो. पाण्यातली झाडं उपटली गेली. झाडं गेली तसा चिखल पाण्यात मिसळू लागला, पाणी गढूळ झालं. गढूळ पाण्यात ऊन खाली जात नाही, म्हणून नवं झाड उगवत नाही. झाड नाही म्हणून गढूळपणा जात नाही. आमचं तळं तिथेच अडकून बसलं. चांगला पाऊस पडून, भरून वाहून गेलं तरी काही उपयोग झाला नाही.

मग आमच्या भागात काही गावांतल्या ढिवर बायामाणसांनी हातानं काम केलं. उन्हाळ्यात तळं आटलं की बेशरम मुळासकट खणून जाळायची. तिचं एक कांडं जरी चिखलात राहिलं तरी पुन्हा फुटते. मग तळ्याचा तळ नांगरायचा. पाऊस पडला की दुसऱ्या चांगल्या तळ्यातून चिला, गाद यांची रोपं आणून ओळीनं लावायची. मीही लावली आहेत, मांडीएवढ्या पाण्यात वाकून, पायाच्या अंगठ्यानं चिखलात दाबून. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाणी निवळलं. मासोळी आली आणि मागोमाग पाखरं.

पळसपान दादांच्या उताराला फक्त सोडून द्यायचं होतं. आमच्या तळ्याला सोडून चाललं नसतं.

ओबीच्या पायथ्याशी | १५ मे, रात्री १०.०५

बोडीकाठ ताई, तुमच्याकडे निदान दुसरं चांगलं तळं होतं, जिथून रोप आणता आलं. मी कोळसा पट्ट्यातला आहे. आमच्या गावाजवळ खाणीतल्या मातीचा, ओबीचा डोंगर उभा आहे. मी सातवीत होतो तेव्हापासून. तो जमिनीच्या पोटातून आलेला दगड-माती आहे. त्यात बी नाही, मुळी नाही, गांडूळ नाही. जळलेल्या जंगलात जमिनीखाली सगळं शिल्लक असतं, इथे खालीच काही नाही. सुबाभूळ लावली गेली, विलायती बाभूळ आपोआप आली, रायमुनिया चढली. पावसाळ्यात हिरवं दिसतं. पण पावसात माती वाहून आमच्या धुऱ्यापर्यंत येते, म्हणजे ती अजून कोणाच्या मुळांनी धरलेली नाही.

नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्यातली प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, आणि मुळांवर वाढणारे जिवाणू-बुरशी घालून झाडं जगवली. म्हणजे आधी माती बनवावी लागली, मग झाड. हे जमतं हे माहीत आहे म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

वैनगंगा | १६ मे, सकाळी ८.००

ऑगस्ट २०२० च्या पुरात आमच्या अडीच एकरांत गुडघाभर रेती बसली. कडेच्या पट्ट्यात मात्र पोयटा आला आणि तिथे दुसऱ्या वर्षी तूर अशी झाली की आयुष्यात तशी पाहिली नव्हती. एकाच पुराचं हे. रेतीच्या भागाचं काय करावं, कोणाचा अनुभव?

रानगवत | १६ मे, दुपारी १२.४५

वैनगंगा भाऊ, रेतीबद्दल मला अनुभव नाही, नदीकाठचे शेतकरी सांगू शकतील.

मला एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहितो. आमच्या भागात ई-क्लास जमीन, म्हणजे गावची चराईची सरकारी जमीन, पडीत समजतात, आणि पडीत दिसली की खड्डे खणून झाडं लावायची. मी लहान असताना आमच्या गावच्या ई-क्लासवर पवन्या आणि मारवेल गवत छातीला लागायचं. मग गुरं वाढली, चराई वाढली. आधी पवन्या गेलं, मारवेल धुऱ्यांवर उरलं, मैदानात कुसळी आली, मग तीही खुरटली आणि तरोटा माजला. इतकं झाल्यावर लोकांना वाटलं इथे झाडं हवीत. खड्डे खणले त्यात उरलंसुरलं गवतही उलथलं.

आम्ही गावातल्या चौघांनी मिळून एक तुकडा तीन पावसाळे राखला. कुंपण नाही, फक्त राखण आणि गावकऱ्यांचा शब्द. काहीही लावलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात धुऱ्यावरचं मारवेल आत सरकलं. तिसऱ्या वर्षी बी धरेपर्यंत थांबून विळ्यानं कापून नेलं आणि दिवाळीनंतर गुरं सोडली. आमच्या अकोला-वाशीम भागातल्या फासेपारधी वस्त्यांनी अशी गवताळ रानं राखली, तिथे तणमोरासारखा पक्षी टिकला. गवत म्हणजे अर्धवट राहिलेलं जंगल नाही. त्याला पूर्ण व्हायला झाडांची गरज नाही. पूर्व विदर्भातल्या सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगलावरही लोक हाच शिक्का मारतात, की रिकामी जागा आहे. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच आहे असं म्हटलं, तेव्हा बरं वाटलं.

जुना वनपाल | १६ मे, रात्री ९.३०

बांबूचंही सांगून ठेवतो. कटांगाला किंवा मानवेलीला, या बांबूच्या जाती, एकदम फुलोरा येतो, रांज्याच्या रांज्या (बांबूची बेटं) बी टाकून वाळतात. बघणाऱ्याला वाटतं जंगल मेलं. पण पुढच्या पावसात जमिनीवर गवतासारखी हिरवी लव येते, ती सगळी बांबूची पोरं. काढणीजोगी रांजी व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. त्या पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत वाळलेल्या बांबूचा खच पडलेला असतो, ठिणगीची वाट बघत. तेव्हा आग गेली तर सगळी पिढी गेली, कारण जुन्या रांजीत आता जीव नाही आणि नव्या पोराला मुळी नाही. एका फुलोऱ्यात आम्ही तीन उन्हाळे जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, साफ ठेवून गावच्या पोरांसोबत पहारा दिला. ती जागा आज जाऊन बघा, आत शिरायला वाट नाही. नोकरीतलं हे एक काम आठवलं की समाधान वाटतं.

पळसपान, तुमच्या वाटेकडच्या जागेला तीन उन्हाळे आग लागू देऊ नका. बाकी काही करू नका.

पळसपान | २१ जून, सायंकाळी ६.१०

उशीर झाला, माफी असावी. इथलं सगळं मी ग्रामसभेत वाचून दाखवलं. वाटेकडच्या पट्ट्याभोवती फेब्रुवारीत जाळरेषा काढायची आणि पत्त्याच्या हंगामात रात्री दोघादोघांनी पहारा द्यायचा असं ठरलं. तिथे खुटकटाई गाव करेल, मजुरी ग्रामसभेच्या निधीतून. फळीवाला भाऊ, कटाई कुठून करावी ते दाखवायला येऊ शकाल का? मोहफूल ताई, जाळीसाठी आमच्या बाया तुमच्याशी बोलू इच्छितात.

काकांनी सांगितलं तसं सागाचं एक रोप खणलं. मुळी माझ्या मनगटापेक्षा जाड निघाली. परत पुरून वरून माती दाबली.

परवा पाऊस झाला, आज उतारावर गेलो होतो. लाल पट्ट्याच्या टोकाला वाळवीनं हातभर वारूळ उभं केलं आहे. खालून आणलेली माती काळपट, ओली, लाल मातीवर वेगळी उठून दिसते. वारुळाच्या बुडाशी एक रोप आहे, दोन पानांचं. मला ओळखता आलं नाही. फोटो टाकतो आहे.

मोहफूल | २१ जून, रात्री ८.००

नक्की येईन दादा. फोटो मोठा करून पाहिला, पण ही दोन पानं बियातली आहेत, त्यावरून सांगता येणार नाही.

फळीवाला | २१ जून, रात्री ८.५५

फेब्रुवारीत येतो. कोयता माझा घेऊन येतो.

जुना वनपाल | २१ जून, रात्री ९.२०

रोपाला हात लावू नका, भोवती काटकी रोवून ठेवा म्हणजे कोणाचा पाय पडणार नाही. तिसरं-चौथं पान फुटलं की पुन्हा फोटो टाका. तेव्हा सांगतो.